‘आलो’ म्हणजे आलो, की अजून निघतोय? वैमानिक आणि टॉवर यांच्यातल्या गैरसमजांविषयी

राजारामपुरीतल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुंबईहून कोल्हापूरला येताना त्यांचं विमान उजळाईवाडीच्या विमानतळावर टेकायच्या बेतात असताना एकदम पुन्हा वर गेलं आणि दहा-पंधरा मिनिटांनी उतरलं. शेजारचा प्रवासी म्हणाला, "पायलट आणि टॉवरचा बोलण्यात घोळ झाला असणार." ते विचारतात, असे घोळ खरंच होतात का? एवढं तंत्रज्ञान हाताशी असताना दोन शिकलेली माणसं एकमेकांचं बोलणं चुकीचं कशी ऐकतात? आणि शेवटी मनातलं विचारलंय: मुलगी बीएस्सी झाली आहे, एटीसीच्या, म्हणजे विमान वाहतूक नियंत्रणाच्या, परीक्षेची तयारी करते आहे, शिक्षण मराठी माध्यमात झालं, तर तिच्या इंग्रजीचं कसं होणार?

मी तीस वर्षांहून जास्त काळ एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे टॉवरमधून किंवा रडारवरून विमानांना रेडिओवर सूचना देणारा माणूस, म्हणून काम केलं. लहान टॉवर पाहिले, मोठ्या विमानतळांच्या रडारवरही बसलो. निवृत्तीनंतर कोल्हापुरातच राहतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या विमानाचं. त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही आणि अंदाज बांधणार नाही. पण विमान उतरता उतरता पुन्हा वर घेणं, ज्याला आम्ही गो-अराउंड म्हणतो, ही रोजच्या शिकवणुकीतली गोष्ट आहे. वारा अचानक फिरला, पावसाच्या सरीत धावपट्टी दिसेना, वेग-उंचीचं गणित जमलं नाही, धावपट्टीवर कुत्रं आलं, पुढचं विमान अजून बाजूला झालं नाही, अशा कुठल्याही कारणाने वैमानिक वर जातो. शंका आली की वर जायचं, असंच त्याला शिकवलेलं असतं. ते बघून माझ्यासारख्या माणसाला बरंच वाटतं.

आता मूळ प्रश्न. हो, गैरसमज होतात. रोज होतात. त्यातले बहुतेक दोन-चार सेकंदांत दुरुस्त होतात आणि प्रवाशांना पत्ताही लागत नाही, कारण सगळी पद्धतच माणूस चुकीचं ऐकणार हे धरून बांधलेली आहे. लोकांना वाटतं धोका खरखरीत असतो, आवाज तुटण्यात असतो. माझा अनुभव वेगळा आहे. खरखर आली तर माणूस पुन्हा विचारतो. जे वाक्य स्वच्छ ऐकू येतं आणि आपल्या मनात आधीपासून असलेल्या वाक्याशी जुळल्यासारखं वाटतं, ते तो विचारत नाही. खरी भीती त्या वाक्याची आहे.

आपल्या बोलण्यातला ‘हो’ घ्या. फोनवर आपण दर दोन वाक्यांमागे ‘हं’, ‘हो’, ‘बरं’ म्हणत असतो. त्या एका ‘हो’चे तीन अर्थ होतात: ऐकलं, पटलं, आणि करतो. घरात त्यावरून भांडण होतं, तेवढ्यावर भागतं. रेडिओवर भागत नाही, म्हणून तिथे तिन्हींना वेगळे शब्द आहेत. ‘रॉजर’ म्हणजे तुमचं सगळं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं, एवढंच. त्यात ‘होय’ नाही आणि ‘करतो’ही नाही. ‘विल्को’ म्हणजे ऐकलं आणि त्याप्रमाणे करतो. ‘अफर्म’ म्हणजे होय. एखाद्याला ‘तुम्ही ऐंशीच्या लेव्हलला (म्हणजे आठ हजार फुटांवर) आहात का?’ असं विचारलं आणि त्याने नुसतं ‘रॉजर’ म्हटलं, तर मला काहीच उत्तर मिळालेलं नाही. नवीन मुलं तिथे पुढे सरकतात. मी त्यांना थांबवून पुन्हा विचारायला लावायचो.

आता ‘आलो’. आपल्याकडे माणूस फोनवर ‘आलो, आलो’ म्हणतो तेव्हा तो अजून घरात चप्पल शोधत असतो. ‘निघालो’चंही तेच. त्याचा अर्थ निघून गेलो असाही होतो, निघायच्या बेतात आहे असाही होतो. ऐकणाऱ्याला संदर्भ माहीत असतो म्हणून चालून जातं. जगातल्या सर्वांत मोठ्या विमान अपघाताच्या मुळाशी असंच एक वाक्य होतं.

तारीख २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांवरच्या तेनेरीफमधला लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे बरीच विमानं इकडे वळवलेली. धुकं इतकं की टॉवरला धावपट्टी दिसत नाही आणि विमानांना एकमेकं दिसत नाहीत. केएलएमचं जम्बो जेट धावपट्टीच्या टोकाला उड्डाणाच्या तोंडावर उभं, आणि पॅन अॅमचं जम्बो त्याच धावपट्टीवरून समोरून येत असलेलं, बाहेर पडायचा फाटा शोधत. टॉवरने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. ती फक्त मार्गाची परवानगी होती, पण त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला. मार्ग परत म्हणून दाखवताना केएलएमच्या सहवैमानिकाने शेवटी जोडलं, ‘वी आर नाऊ अॅट टेक-ऑफ’. टॉवरने त्याचा अर्थ घेतला, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावायला लागलेलं होतं. चालू असलेली क्रिया सांगायची डच भाषेत जी ढब आहे तीच त्या इंग्रजी वाक्यात उतरली असावी, असं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. म्हणजे आपलं ‘निघालो’च.

टॉवरने उत्तर दिलं, ‘ओके’, आणि क्षणभर थांबून, ‘टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगतो’. नेमक्या त्याच वेळी पॅन अॅमचा वैमानिक घाईघाईने सांगत होता की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलले की ऐकणाऱ्याच्या कानात शब्द येत नाहीत, एक लांब शिट्टी येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये तेवढा ‘ओके’ पोचला, बाकी शिट्टी. त्यानंतर पॅन अॅम आणि टॉवर यांच्यात धावपट्टी मोकळी झाली की कळवण्याचं बोलणं झालं, ते कॉकपिटमध्ये ऐकू आलं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलंही, ते पॅन अॅमचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालंय. त्या दिवशी ५८३ माणसं गेली.

हे मी इतकं लांबवलं त्याचं कारण आहे. तिथे कुणीही झोपलेलं नव्हतं. कॅप्टन त्या कंपनीतला नावाजलेला, इतरांना शिकवणारा माणूस होता. त्याला निघायचं होतं, म्हणून त्याने निघायची परवानगी ऐकली. तेव्हापासून नियम आहे की ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. माझ्या साऱ्या नोकरीत मी तो शब्द दुसऱ्या कुठल्या वाक्यात येऊ दिला नाही. घरातही जपून वापरायची सवय लागली.

आकड्यांचं प्रकरण कोल्हापूरकराला चटकन समजेल. पावसाळ्यात आपण सगळे एकच चौकशी करतो, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? पंचगंगेची ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. आता खराब लाइनवर, बाहेर पाऊस कोसळत असताना, कुणी ‘एकोणचाळीस’ म्हणालं की ‘त्रेचाळीस’, हे सांगणं किती अवघड जातं ते आठवा. दोन्हींचं शेपूट ‘चाळीस’. सुरुवातीची अक्षरं गेली की इशारा आणि धोका यांतला फरक गेला. ‘तीन नऊ’ आणि ‘चार तीन’ म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता. रेडिओवर नेमकं हेच करतात, बहुतेक आकडे सुटे बोलतात. उजळाईवाडीची धावपट्टी एका बाजूने ०७ आणि दुसऱ्या बाजूने २५ आहे. ती ‘झीरो सेव्हन’ आणि ‘टू फाइव्ह’ अशीच बोलायची, ‘ट्वेंटी फाइव्ह’ कधीच नाही. इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन कानाला सारखे लागतात, म्हणून पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नाइनर’ असे उच्चार ठरवून दिलेत. तीनला ‘ट्री’. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटतं. आमच्यासाठी ती जिवाची गोष्ट आहे.

१९८९च्या फेब्रुवारीत क्वालालंपूरला एक मालवाहू जम्बो उतरत होतं. कंट्रोलरने सांगितलं, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. त्याला म्हणायचं होतं २,४०० फूट. इंग्रजीत ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ आणि दोनचा ‘टू’ कानाला एकच. वैमानिकाने ऐकलं, ४०० फुटांपर्यंत उतरा, आणि परत म्हणतानाही ‘ओके, फोर झीरो झीरो’ असंच म्हणाला. त्या क्षणी कंट्रोलरने ‘चूक, २,४००’ म्हटलं असतं तर काही झालं नसतं. विमान टेकडीवर आदळलं आणि चौघेही गेले. म्हणून अशी उंची ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ अशी फोडून सांगायची असते.

इथे आमच्या धंद्यातला मुख्य शब्द येतो, रीडबॅक. मी दिलेली सूचना वैमानिकाने मला जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. उंची, दिशा, वेग, धावपट्टी, हवेच्या दाबाचा आकडा, धावपट्टीवर यायची, थांबायची किंवा ती ओलांडायची परवानगी, हे सगळं परत म्हणावंच लागतं. बाहेरच्या लोकांना वाटतं की वैमानिकाने परत म्हटलं, झालं काम. खरं काम तिथे सुरू होतं. ते परत म्हणणं मी ऐकायचं असतं, आणि तो बोलत असताना माझं डोकं पुढच्या विमानाकडे गेलेलं असतं. त्या ऐकण्याला हिअरबॅक म्हणतात. चुका सुटतात त्या बहुतेक इथेच सुटतात.

माझ्या हातून सुटलेली एक सांगतो. विमानतळाचं नाव घेत नाही. पावसाळ्यातली संध्याकाळ, रडार नसलेलं ठिकाण. अशा ठिकाणी विमानं कुठे आहेत ते पडद्यावर दिसत नाही. समोर प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी, म्हणजे स्ट्रिप असते, तिच्यावर पेनाने लिहिलेली उंची आणि वेळ, एवढाच आधार. एकाच कंपनीची दोन विमानं एकाच मार्गाने येत होती. एकाच्या कॉल साइनचा, म्हणजे रेडिओवर विमानाला हाक मारायच्या नावाचा, शेवट २४५, दुसऱ्याचा २५४. पहिलं लेव्हल १२०ला, म्हणजे बारा हजार फुटांवर. दुसरं त्याच्याखाली १००ला. मी खालच्या २५४ला सांगितलं, लेव्हल ७०ला उतरा. उत्तर आलं, ‘डिसेंडिंग लेव्हल सेव्हन झीरो, टू फोर फाइव्ह’. मी २५४च्या स्ट्रिपवर जुना आकडा खोडला, ७० लिहिलं आणि पुढचं विमान बोलवायला हात बटणाकडे नेला.

शेजारी प्रशिक्षणाला आलेली मुलगी बसली होती, नोकरीला चार महिने झालेले. ती म्हणाली, "सर, हा आवाज वरच्या विमानाचा होता."

मी लगेच २४५ला लेव्हल विचारली. ‘पासिंग वन वन सिक्स’. म्हणजे बारा हजारांवरचं विमान दहा हजारांवरच्या विमानाच्या रोखाने उतरत होतं, माझ्या समजुतीप्रमाणे सगळं ठीक असताना. ‘स्टॉप डिसेंट अॅट फ्लाइट लेव्हल वन वन झीरो.’ त्याने परत म्हटलं, थांबला. दोघांमध्ये हजार फुटांचं अंतर शिल्लक राहिलं. २५४च्या वैमानिकांनी माझी सूचना ऐकलीच नव्हती. ते त्या क्षणी दुसऱ्या रेडिओवर हवामान ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच लेखी रिपोर्ट दिला आणि टेप ऐकायला बसलो. त्या टेपवर किरकिर नाही, तुटलेला शब्द नाही. ‘टू फोर फाइव्ह’ स्वच्छ, सावकाश उच्चारलेलं. मी शपथेवर सांगितलं असतं की मला ‘टू फाइव्ह फोर’ ऐकू आलं. टेप तीनदा ऐकली. त्या मुलीचे उपकार मी विसरलेलो नाही. नंतर ती माझ्याहून मोठ्या विमानतळावर काम करायला लागली. त्या दिवसापासून मिळत्याजुळत्या कॉल साइन एकत्र आल्या की दोघांनाही सावध करायचं, दोन्ही स्ट्रिप थोड्या तिरक्या लावून ठेवायच्या आणि गरज पडली तर एकाची कॉल साइन तात्पुरती बदलून घ्यायची, हे मी कधी चुकवलं नाही. नियमात तशी सोय आहे, पण ती वापरायचा कंटाळा केला जातो.

रीडबॅकने सगळं पकडलं जातं असंही समजू नका. दोन प्रसंग सांगतो. विमानातला उंचीमापक हा मुळात हवेचा दाब मोजतो, म्हणून उतरण्याआधी तिथला दाबाचा आकडा कंट्रोलर देतो आणि वैमानिक तो यंत्रात भरतो. दहा हेक्टोपास्कलची (हे दाबाचं माप) चूक म्हणजे साधारण २८० फुटांची चूक. २०२२च्या मे महिन्यात पॅरिसला एका एअरबस ए३२०ला १००१ऐवजी १०११ असा आकडा दिला गेला. वैमानिकाने १०११च परत म्हटलं, अगदी बरोबर. चूक बोलणाऱ्याच्या तोंडची होती, आणि ज्याने चूक केली त्याला ती परत ऐकताना चूक वाटत नाही. पावसात विमान उंचीमापकाप्रमाणे योग्य उंचीवर होतं आणि प्रत्यक्षात जमिनीपासून सहा फुटांवर, धावपट्टीपासून दीडेक किलोमीटर अलीकडे. वैमानिकांना धावपट्टी दिसली नाही म्हणून त्यांनी गो-अराउंड केलं. तुमच्या प्रश्नातलंच ते गो-अराउंड. त्याने सगळ्यांचे जीव वाचले.

दुसरा प्रसंग टोकियोच्या हानेदा विमानतळाचा, २ जानेवारी २०२४. आदल्या दिवशी नोतो भागात मोठा भूकंप झालेला. तटरक्षक दलाचं छोटं विमान मदतीचं सामान घेऊन निघालेलं. टॉवरने सांगितलं, ‘नंबर वन, सी-फाइव्ह या थांब्यापर्यंत या’. हा थांबा धावपट्टीच्या अलीकडचा, आणि ‘नंबर वन’ म्हणजे उड्डाणाच्या रांगेत तुमचा पहिला नंबर. त्यांनी ते शब्द व्यवस्थित परत म्हटले. पण कॅप्टनने मनात त्याचा अर्थ घेतला की आपल्याला प्राधान्य दिलंय, धावपट्टीवर जाऊन उभं राहायचं. ते जवळपास चाळीस सेकंद धावपट्टीवर उभे होते. मागून जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरलं. त्यातले ३७९ लोक बाहेर पडले, तटरक्षक विमानातले सहापैकी पाच जण गेले. शब्द बरोबर, रीडबॅक बरोबर, समज चूक. घाईत आणि सद्हेतूने निघालेल्या माणसाला पहिला नंबर म्हटलं की त्याला दार उघडल्यासारखं वाटतं. अपघातानंतर लगेच, २०२४मध्ये, रांगेतला नंबर सांगणं तिथे थांबवण्यात आलं होतं.

आपल्या देशातला प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातली चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जम्बो १४,००० फुटांवर आणि दिल्लीला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन १५,००० फुटांवर. दोघांना एकच हवाई वाट, कारण दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश लष्कराकडे. कंट्रोलरने इल्युशिनला दीडशेच्या लेव्हलवर थांबायला सांगितलं, समोरून विमान येतंय हेही सांगितलं, किती मैलांवर तेही सांगितलं. इल्युशिन खाली आलं. ३४९ माणसं गेली. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने ठपका ठेवला तो परवानगीशिवाय खाली येण्यावर आणि इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानामुळे सूचनांचा चुकीचा अर्थ लावला जाण्यावर. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे. म्हणजे सूचना दोन कान ओलांडून हातापर्यंत पोचत होती. आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसायचा, उंची दिसायची नाही. मी तेव्हा नोकरीत होतो. त्या रात्री देशभरातल्या टॉवरमध्ये कुणी फारसं बोललं नाही. त्यानंतर उंची दाखवणारं रडार आलं, येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि विमानांनीच एकमेकांना ओळखून वैमानिकाला सावध करणारी टीकॅस यंत्रणा भारतात सक्तीची झाली.

आणखी एक सवय आपल्या लोकांत फार आहे, म्हणून तिच्याविषयी लिहितो. अडचणीत असलो तरी आपण ‘जरा’ लावून बोलतो. ‘जरा बघता का’, ‘जरा लवकर झालं तर बरं’. १९९०च्या जानेवारीत कोलंबियाचं एक बोइंग ७०७ न्यूयॉर्कला उतरण्यासाठी तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलेलं. त्यांनी प्राधान्य मागितलं, इंधन संपतंय असंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हा शब्द उच्चारला नाही. गर्दीच्या संध्याकाळी कंट्रोलरच्या कानाला ती इतर दहा विनंत्यांसारखीच एक विनंती वाटली. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, ७३ माणसं गेली. ‘मेडे’ तीनदा म्हटलं की साऱ्या फ्रिक्वेन्सीवर शांतता होते आणि सगळं आकाश त्या एका विमानासाठी मोकळं केलं जातं. तो शब्द उच्चारायला माणूस लाजतो, हे मी पाहिलंय. आपल्या कोल्हापुरी बोलण्याला लोक रांगडं म्हणतात. ‘काय ते सरळ सांग की’ हे आपलं वाक्य मला रेडिओसाठी फार योग्य वाटतं.

तंत्रज्ञानाचं विचारलंत. लेखी संदेश आहेत. समुद्रावरून उडताना सीपीडीएलसी नावाच्या यंत्रणेने कंट्रोलर आणि वैमानिक मजकूर पाठवून बोलतात. पण उतरण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत टाइप करायला आणि वाचायला वेळ नसतो, तिथे आवाजच लागतो. शिवाय आवाजाचा एक मोठा फायदा आहे. एका फ्रिक्वेन्सीवर सगळे सगळ्यांचं ऐकतात. कितीतरी वेळा माझी चूक तिसऱ्याच विमानातल्या वैमानिकाने पकडून दिली आहे.

आता तुमच्या लेकीविषयी. मराठी माध्यमाची काळजी सोडा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे कंट्रोलर आणि वैमानिक यांना इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते, सहावी सर्वांत वरची. चौथी असेल तर दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. त्यात उच्चार, वाक्यरचना, शब्दसाठा, ओघ, आकलन आणि देवाणघेवाण बघतात. उच्चारात मातृभाषेची छटा असली तरी चालते, ऐकणाऱ्याला समजण्यात अडथळा यायला नको. मी तर म्हणेन की ज्यांचं इंग्रजी घरचं असतं तेच पुष्कळदा भरभर आणि ऐसपैस बोलतात आणि गोंधळ करतात. मिनिटाला शंभरापेक्षा जास्त शब्द नकोत, असा संकेत आहे. घड्याळ लावून वाचून पाहा, फार सावकाश वाटेल. आपल्या मुलांना ‘से अगेन’, म्हणजे पुन्हा सांगा, म्हणायची लाज वाटते, आपलं इंग्रजी कच्चं आहे असं समोरच्याला वाटेल म्हणून. ती लाज या कामात विषासारखी आहे. अर्धवट ऐकलेलं अंदाजाने पुरं करायचं नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून सांगा. प्रशिक्षणात प्रयागराजला किंवा हैदराबादला बाकी सगळं शिकवतील. कान मात्र घरी तयार करता येतो.

एक सराव सांगतो, मी माझ्या प्रशिक्षणार्थींना द्यायचो. तुम्ही घराबाहेर जा आणि तिला फोनवर बोला. तिने गाड्यांचे नंबर एकेक अंक सुटा करून तुम्हाला सांगायचे, तुम्ही ते परत म्हणायचे, आणि वीस-पंचवीसांत एकदा मुद्दाम चुकवायचं. कधी शेवटचे दोन अंक उलटे करा, कधी पाचाच्या जागी नऊ घाला. तिने तिथल्या तिथे ‘निगेटिव्ह’ म्हणून बरोबर नंबर पुन्हा सांगायचा. सोबत तिला हाताने दुसरं काही काम द्या, नंबर लिहीत जाणं किंवा शेंगा सोलणं. पहिले आठ दिवस ती बऱ्याच चुका सोडेल, वाईट वाटून घेऊ नका. अंकांची चूक पकडायला लागली की पुढचं करा. सगळे नंबर आपल्याकडचे, एमएच झीरो नाइनचे घ्या. तीस-चाळीस वेळा झीरो नाइन ऐकून कान सैल झाला की मध्येच एकदा सांगलीचा एमएच वन झीरो म्हणा, पुढचे चार अंक अगदी बरोबर ठेवा, आणि ती काय म्हणते ते ऐका.